नातेवाईक नसल्याचं बटण

निवृत्त झाल्यापासून मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिले, पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला का, असं विचारणारे. दुसरे, "सर, ते ब्लॉकचेन म्हणजे नक्की काय असतं?" असं विचारणारे. दुसऱ्या प्रकारचे लोक मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न टाकतात, "त्यात पैसे टाकले तर किती सुटतात?" मी सांगतो की बाबा रे, मी त्यावर परीक्षा घ्यायचो, पैशाचं मला काही कळत नाही. मग ते "बरं बरं" म्हणून फोन ठेवतात. या अंकाच्या संपादकांनी तेवढा फोन ठेवला नाही, म्हणून हा लेख तुमच्या माथी.

नगरच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटी स्टँडवर उभा राहिलो की माझ्या तोंडून अजून नगरच निघतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून मला चहा पाजतात. परीक्षा विभाग माझ्याकडे कसा आला म्हणाल, तर स्टाफच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विचारलं तेव्हा बाकी सगळे खाली बघत होते आणि मी चष्मा पुसत होतो. चष्मा घालून वर बघतो तर सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. तो विभाग निवृत्तीपर्यंत सुटला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, परीक्षा विभाग म्हणजे मार्कांची बेरीज. खरं काम पहारेकऱ्याचं. प्रश्नपत्रिकेचं पाकीट कुलपात ठेवायचं, परीक्षेच्या वेळी हॉलमध्ये आणायचं, दोन विद्यार्थ्यांना उभं करून पाकिटाचं सील दाखवायचं, शाबूत आहे म्हणून त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच फोडायचं. त्या दोन विद्यार्थ्यांचा जीव आधीच कासावीस झालेला असतो. त्यांच्यासमोर पाकिटाऐवजी जमिनीचं खरेदीखत ठेवलं असतं तरी त्यांनी सही ठोकली असती. आम्हा शिक्षकांचीही गत वेगळी नव्हती. परीक्षेच्या कामावर येणाऱ्या प्रत्येकाकडून एक छापील कागद भरून घेत, "माझा कोणीही नातेवाईक या परीक्षेला बसलेला नाही." कागदांचा गठ्ठा फिरायचा, चहाचा कप डाव्या हातात, उजव्या हाताने सही. तो कागद कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. मीही वाचला नव्हता.

आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे पेपरही कॉलेजच काढायचं. मग एका वर्षी आमचा पेपर फुटला. पाकीट हॉलमध्ये फुटायच्या आधी तो मुलांच्या मोबाईलवर पोचला होता. पेपर पुन्हा घ्यावा लागला. गावात मी भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली म्हणाली, "सर, तुमचा पेपर म्हनं आमच्या गल्लीत आदी आला हुता." कोथिंबीर न घेताच मी घरी आलो.

त्या अपमानाच्या भरात मी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेलो आणि तिथे ब्लॉकचेन ऐकून परत आलो. माणूस दीक्षा घेऊन येतो तसा आलो. बायको म्हणाली, जाताना बरे होतात.

ब्लॉकचेन मी लोकांना अशी समजावून द्यायचो. आपल्याकडे लग्न ठरताना चार लोकांदेखत सुपारी फोडतात. कागद नसतो, शिक्का नसतो. पण उद्या मुलाचा बाप म्हणाला की असं काही ठरलंच नव्हतं, तर हजर असलेले सगळे त्याला खोटा पाडतात, कारण ठरलेलं सगळ्यांकडे सारखंच आहे. ब्लॉकचेनमध्ये एकच नोंद अशीच अनेक कॉम्प्युटरांवर एका वेळी होते, आणि प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. मधली एक कडी गुपचूप बदलायला गेलात तर पुढची सगळी साखळी ओरडते. म्हणजे एकदा लिहिलं ते पुसता येत नाही. चूक झाली तर खाली दुरुस्तीची नवी नोंद करा, जुनी तशीच दिसत राहणार. हे मी कॉलेजात सांगितलं, रोटरीत सांगितलं, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत सांगितलं, एका बारशातही सांगितलं. ते बारसं लवकर आटोपलं.

पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलांकडून आम्ही तशी व्यवस्था करून घेतली. प्रश्नपत्रिका कुलूपबंद होऊन साखळीवर राहायची. कुलपाच्या पाच किल्ल्या पाच साक्षीदारांच्या मोबाईलमध्ये, आणि पाचपैकी तिघांनी आपापली किल्ली फिरवली तरच पेपर उघडून छापला जायचा. कोणा एकाला फितवून उपयोग नाही. घरी गादीवर लोळत कोणी बटण दाबू नये म्हणून किल्ली कॉलेजच्या आवारातच चालेल, अशी अट मी घातली. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात पेपर उघडला नाही, तर काहीतरी गडबड आहे असं समजून तो कायमचा बंद होईल, हीही माझीच अट. ऐनवेळी साक्षीदार बदलता येणार नाही, हीसुद्धा. पुण्याचा मुलगा म्हणाला, सर, जरा जास्त होतंय. मी त्याला पेपरफुटीची गोष्ट सांगितली. तो गप्प बसला आणि मी ते माझं यश समजलो.

पाच साक्षीदार असे. प्राचार्य. मी. कोपरगावच्या एका कॉलेजातले प्राध्यापक, कारण बाहेरचा माणूस हवा. मिरजगावच्या सरकारी दवाखान्यातल्या सुनीता सिस्टर, आमच्या जुन्या विद्यार्थिनी. आणि गावातून इब्राहिमभाई, पिठाच्या गिरणीवाले. इब्राहिमभाईंच्या गिरणीत लोक डबे ठेवून निघून जातात, आणि संध्याकाळी ज्याची ज्वारी त्यालाच मिळते. मला वाटलं, साक्षीदार म्हणून याहून मोठी लायकी कुठून आणायची.

किल्ली फिरवण्याआधी मोबाईलवर एक वाक्य यायचं आणि त्याखाली 'होय' असं बटण. ते वाक्य मी जुन्या छापील कागदावरून जसंच्या तसं उतरवून दिलं होतं. "माझा कोणीही नातेवाईक या परीक्षेला बसलेला नाही." पुण्याच्या मुलाने विचारलं होतं, सर, नातेवाईक म्हणजे कोण कोण धरायचे? मी म्हणालो, ते सगळ्यांना माहीत असतं.

पहिली परीक्षा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. सुरुवातीचे पेपर झोकात झाले. प्राचार्य, मी आणि सुनीता सिस्टर, तीन बटणं, पेपर उघडला. इब्राहिमभाई रोज वेळेवर यायचे, कोपऱ्यात बसून चहा घ्यायचे, पण बटण दाबायचे नाहीत. तिघे झालेच आहेत, मग कशाला, असं त्यांना वाटत असेल असं मी धरून चाललो. विचारलं नाही. एका वर्तमानपत्राचा माणूस येऊन माझा फोटो काढून गेला. फोटोत मी मोबाईल असा धरला आहे की जणू तो मीच शोधून काढला.

शेवटच्या पेपरच्या दिवशी सकाळी सुनीता सिस्टरांचा फोन आला. एक बाळंतीण अडली होती, त्या येऊ शकत नव्हत्या. मी म्हणालो, काही हरकत नाही, कोपरगावचे सर आहेत. कोपरगावचे सर मनमाड रस्त्यावर होते. कोपरगावहून तुम्ही आमच्या गावी यायला निघालात की अंतराला काही अर्थ उरत नाही, खड्डे काय म्हणतात त्यावर आहे सगळं. पुढे एक ट्रेलर आडवा झाला आहे, एवढं त्यांनी सांगितलं. मी तरीही बिनघोर. पाचवा साक्षीदार माझ्यासमोर बसून बशीतून चहा पीत होता.

वेळ झाली. प्राचार्यांनी बटण दाबलं, मी दाबलं. इब्राहिमभाईंनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, वाक्य ओठ हलवत वाचलं आणि मोबाईल टेबलावर ठेवून दिला.

"सर, हितं लिव्हलंय की माझा कुनी नातेवाईक बसलेला न्हाई," ते म्हणाले. "आन् माझी रेहाना तर आत बसलीय."

रेहाना त्यांच्या मुलीची मुलगी, आजोळी राहून शिकलेली. माझीच विद्यार्थिनी. सगळ्या वर्गात प्रयोगशाळेत नळी न फोडणारी तेवढी एकच. पुण्याला एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेत तिचा नंबर लागला होता. शेवटच्या वर्षाचा निकाल वेळेत दाखवला की जागा पक्की. तिची शिफारस मीच लिहिली होती. ती इब्राहिमभाईंची नात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी साक्षीदार निवडताना, वाक्य उतरवताना, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

मी म्हणालो, भाई, हे आपलं नावापुरतं आहे. तुम्ही आधी का नाही बोललात? ते म्हणाले, "तुमी चौघं हाय की. म्हनून गप ऱ्हायलो." प्राचार्यांनी त्यांना समजावलं की पेपर तुम्ही पाहिलेलासुद्धा नाही, बटण दाबल्याने नातीचा काय फायदा होणार. ते सगळं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"सर, तुमीच पतसंस्थेत बोललावता. एकदा लिव्हलं की पुसता येत न्हाई."

त्या सभेला ते हजर होते, हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत माझं व्याख्यान मनावर घेणारा एक माणूस निघाला, आणि तो नेमका या दिवशी.

हॉलमध्ये दोनशेच्या वर मुलं कोऱ्या उत्तरपत्रिका पुढे घेऊन बसली होती. मी पुण्याला फोन लावला. तो मुलगा म्हणाला, सर, तिसऱ्या किल्लीशिवाय मलाही उघडता येणार नाही, तुम्हीच तसं मागितलं होतं. आवाजात समाधान होतं की काय, देव जाणे. तासाची मर्यादा सरली की पेपर बंद, परीक्षा रद्द. मग सगळ्यांसाठी नवा पेपर, नवी तारीख, निकाल महिनाभर पुढे. कोणाची पोलीस भरतीची कागदपत्रं अडणार, कोणाचा बी.एड.चा प्रवेश, आणि रेहानाचं पुणं तर गेलंच.

तेवढ्यात प्राचार्य खिडकीपाशी उभे होते ते मागे वळले. चेहरा उतरलेला. हॉलच्या दाराजवळच्या बाकावर त्यांच्या साडूचा पुतण्या बसला होता. "मघाशी मी 'होय' म्हणालो," ते हळूच मला म्हणाले. मी त्यांना धीर देत होतो की साडूचा पुतण्या म्हणजे काही नातेवाईक नव्हे, तोच माझा फोन वाजला. बायको. तिच्या मामेबहिणीची पूनम आज आमच्याकडे पेपरला बसली आहे, पेपर अवघड आहे का एवढंच तिला विचारायचं होतं.

मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात हॉलमधल्या रांगा मोजू लागलो. मी या तालुक्याचा जावई. निम्मा हॉल मला मामा नाहीतर काका म्हणू शकला असता. ज्या गावात दोन अनोळखी माणसं चहा संपायच्या आत एकमेकांचे पाहुणे निघतात, तिथे मी पाच बिननात्याचे साक्षीदार उभे केले होते आणि त्याबद्दल फोटो काढून घेतला होता.

बातमी हॉलमध्ये कशी पोचली ठाऊक नाही. पण मुलांना कळलं की रेहानाच्या आजोबांनी पेपर अडवलाय, आणि कुजबुज वाढली. कोणीतरी तिला काही बोललं असणार. ती उठली, पर्यवेक्षकांना विचारून बाहेर आली आणि सरळ ऑफिसात. डोळे लाल होते. ती आजोबांसमोर उभी राहिली.

"नाना, दाबणार न्हाई का तुमी?"

ते म्हणाले, "कसं दाबू बेटा. तू आत हाय."

ती माझ्याकडे वळली. मग रसायनशास्त्राचं समीकरण मांडावं तसं तिने मला मांडून दाखवलं. "सर, पेपर रद्द झाला तर माझं ॲडमिशन जाणारच. मी उठून गेले तरी जाणारच. मग बाकीच्यांचं कशाला घालवायचं?" आणि आजोबांकडे बघून म्हणाली, "आता मी बसलेली न्हाई. दाबा."

मी तिला अडवलं, असं मला इथे लिहायला आवडलं असतं. मी तोंड उघडलंही. पण घड्याळ दिसत होतं, हॉलमधला गलका ऐकू येत होता, आणि खरं सांगायचं तर सुटकाही वाटली. ती बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसली. हजेरीत तिच्यापुढे गैरहजर लागलं. इब्राहिमभाईंनी वाक्य पुन्हा वाचलं, संपूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. पहिल्यांदा त्यांचं बोट भलतीकडेच लागलं. दुसऱ्यांदा पेपर उघडला.

पेपर वाटून झाला आणि कोपरगावचे सर दारात उभे. शर्ट धुळीने माखलेला, हातात पेरूंची पिशवी. "उशीर नाही ना झाला?" त्यांनी विचारलं. पेपर वाटल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात आलेल्या विद्यार्थ्याला आत घेता येतं. तो अर्धा तास अजून सरला नव्हता. मी पायऱ्यांकडे धावलो. माझ्या वयाला शोभणार नाही असा धावलो. रेहानाला म्हणालो, चल आत, जागा तुझीच आहे, नानांच्या किल्लीऐवजी आता कोपरगावच्या सरांची आहे. ती उठलीसुद्धा. मग तिने मागे बघितलं. इब्राहिमभाई माझ्या मागून आले होते, हातात मोबाईल.

ते तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलले. "मग माझं लिव्हलेलं खोटं पडंल, सर."

मला त्यांचा भयंकर राग आला. मी म्हणालो, खोटं पडू द्या, आमच्या दोघांचंही पडलंय.  रेहानाने आजोबांकडे बघायचं टाळून माझ्याकडे बघितलं, पुन्हा पायरीवर बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. आजोबा तिच्या बाजूला बसले तर ती सरकून लांब बसली. कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलत नव्हती असं नंतर कळलं. गिरणीत डबे घेऊन जाणाऱ्या बायकांनी सांगितलं की भाई हल्ली गिरणी चालू करायला विसरतात.

त्या दिवसाच्या साखळीत पेपर उघडल्याच्या तीन साक्षी आहेत. प्राचार्यांची, माझी आणि इब्राहिमभाईंची. जगात कुठेही बसून तपासा, तिन्ही अढळ आहेत, कोणी बदललेल्या नाहीत. त्यातली खरी एक. खाली मी आमच्या दोघांच्या दुरुस्तीच्या नोंदी केल्या, त्याही तशाच दिसत राहतील. पुढे कॉलेजच्या परीक्षा समितीने नातेवाईक कोणाला म्हणायचं ते ठरवलं, मुलं, नातवंडं, भावंडं, नवरा-बायको एवढेच. साडूचा पुतण्या सुटला, पूनम सुटली. रेहाना कुठल्याही व्याख्येत सुटली नसती.

पुण्याची जागा गेली. त्या वर्षी ती एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट तपासत होती. मी एकदा तिकडे गेलो तर तिने मला पांढरा कोट घालायला लावला, नियम म्हणून. मी बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो. कोटाची बटणं लावता लावता ते राहून गेलं. ती म्हणाली, नानांशी आता बोलते मी, पण परीक्षेचा विषय काढत नाही.

गैरहजर राहिलेल्यांसाठी नंतर फेरपरीक्षा असते. त्या वर्षी त्या विषयाला एकच नाव आलं. माझ्या नोकरीतली ती शेवटची परीक्षा. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये रेहाना मधल्या बाकावर एकटी बसली होती. इब्राहिमभाई त्या दिवशी आवारातही आले नाहीत, गिरणीत बसून राहिले. सुनीता सिस्टर लवकर आल्या, कोपरगावचे सर तर आदल्या दिवशीच येऊन लॉजवर उतरले होते.

वेळ झाली तेव्हा मी मोबाईल काढला. आता मी ते वाक्य वाचतो. "माझा कोणीही नातेवाईक या परीक्षेला बसलेला नाही." मी दारातून आत बघितलं. तिने पेनचं टोपण काढून ठेवलं होतं आणि ती वाट बघत होती. मी 'होय' दाबलं. सगळ्या नोकरीत मी त्या वाक्याखाली किती सह्या केल्या ते मला सांगता येणार नाही, पण या वेळी ते अगदी खरं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.